हृदयरोग्याच्या रक्तातला मायक्रोआरएनए : आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

बाबांना नागपुरातल्या ‘सुपर’मध्ये म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये किंवा धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात दाखल केलेलं असतं. अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी सकाळी असते. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन येतात आणि म्हणतात, “संशोधनासाठी थोडं जास्तीचं रक्त घेऊ का? मायक्रोआरएनए मोजायचाय.” सही करावी की नाही, हा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. दुसरा प्रश्न मोबाइलवरच्या बातमीतून येतो : रक्ताच्या चार थेंबांवरून हार्ट अटॅक आधीच कळतो म्हणे, ही तपासणी नागपुरात कुठे होते? तिसरा प्रश्न पीजी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि लॅबमधल्या तंत्रज्ञांचा असतो : एकाच पेशंटचे आकडे दोन वेळा दोन वेगळे का येतात?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. मायक्रोआरएनएचा आकडा मशीनमध्ये क्वचितच बिघडतो. सुई टोचल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत तो टिकतो किंवा वाया जातो. त्या दोन तासांबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि ते विचारण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

सगळ्यात आधी : छातीत दुखत असेल तर

छातीवर दाब येतोय, कळ खांद्याकडे, हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, दरदरून घाम सुटलाय, अशा वेळी मायक्रोआरएनएचा विचारही करू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या अशा दवाखान्यात जा जिथे लगेच ईसीजी निघेल. दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. मधुमेही आणि वयस्कर माणसांत, त्यातही स्त्रियांत, कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसती मळमळ, दम किंवा एकाएकी गळून जाणं असतं. त्यांनाही हाच नियम लागू आहे.

हार्ट अटॅकचं निदान आजही ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) यांवरच होतं. इथे एक मेख आहे. दुखायला लागल्यावर लगेच काढलेलं पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतं. म्हणून डॉक्टर काही तासांनी ते पुन्हा काढतात. “पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आहे, आता घरी जाऊ” असा हट्ट धरू नका.

मायक्रोआरएनए म्हणजे काय : निर्णयापुरतं

पेशीत कोणतं प्रथिन किती बनावं यावर लगाम ठेवणारे हे आरएनएचे अगदी लहान, साधारण २२ अक्षरी तुकडे आहेत. पहिला तुकडा १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत सापडला. त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे तुकडे पेशीबाहेर, रक्ताच्या प्लाझ्मातही (पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या द्रवात) तग धरून राहतात हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झालं आणि तेव्हापासून जगभर त्यांचा शोध सुरू झाला.

कोविडच्या आरएनए लसीशी याचा काही संबंध नाही. ही आनुवंशिकतेची तपासणीही नव्हे. वडिलांच्या मायक्रोआरएनएवरून मुलाला अटॅक येईल की नाही हे सांगता येत नाही.

हृदयाच्या बाबतीत काही नावं सारखी कानावर येतात (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए). मिर-२०८ए जवळपास फक्त हृदयाच्या स्नायूतच असतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो सहसा सापडत नाही आणि अटॅकनंतर दिसू लागतो, असं २०१० च्या अभ्यासांत आढळलं. मिर-४९९ सुद्धा मुख्यतः हृदयातलाच आहे. मिर-१ आणि मिर-१३३ए मात्र हातापायांच्या स्नायूंतही भरपूर असतात. हृदय निकामी होण्याच्या आजारासाठी २०१० मध्येच मिर-४२३-५पी पुढे आला, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी त्याला तितकी साथ दिली नाही. २०१५ मध्ये छातीत दुखणाऱ्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक मोठा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅकमध्ये हे मायक्रोआरएनए वाढतात हे त्यात दिसलं, पण त्यांतला एकही ट्रोपोनिनवर मात करू शकला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या खिशातून पैसे भरून ही तपासणी आज करून घेऊ नका. संशोधनासाठी रक्त मागितलं आणि अभ्यास नीट आखलेला असेल, तर मात्र जरूर द्या. नीट आखलेला म्हणजे कसा, ते पुढे वाचा.

आकडा कुठे बिघडतो

*हेपारिन.* हृदयरोग्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक इथे होते. मनगटातून अँजिओग्राफी करताना धमनीत एक बारीक नळी बसवतात, तिला शीथ म्हणतात. शीथ बसली की धमनी बंद पडू नये म्हणून लगेच हेपारिन देतात. तेवढ्यात कुणाला तरी आठवतं, संशोधनाचं सॅम्पल राहिलं. मग शीथमधूनच पाच मिली रक्त ओढून घेतात. पेशंटला वेगळी सुई टोचावी लागत नाही, नळीवर लेबल बरोबर लागतं, टोपण जांभळं (म्हणजे ईडीटीएचं) असतं आणि वरवर सगळं नियमाप्रमाणे दिसतं. पण मायक्रोआरएनए मोजण्यासाठी पीसीआर करावी लागते आणि पीसीआरमधल्या एन्झाइमांना हेपारिन अडवतं. आकडा खोटाच कमी येतो.

आता पुढचं बघा. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांना हेपारिन दिलेलं नसतं. मग ‘हृदयरोग्यांत हा मायक्रोआरएनए कमी आढळला’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात तो फरक आजाराचा नसतो, इंजेक्शनचा असतो. २०१३ मध्ये एकाहून अधिक संशोधकगटांनी हे दाखवून दिलं. त्याआधीचे बरेच निकाल या कारणाने पुन्हा तपासून पाहावे लागले. हिरव्या टोपणाच्या नळीतही हेपारिनच असतं, म्हणून ती इथे चालत नाही. हातातल्या इंट्राकॅथला (सलाइनसाठी शिरेत लावलेल्या नळीला) हेपारिनचं पाणी मारून ठेवलेलं असेल तर तिच्यातून काढलेलं रक्तही चालत नाही.

*फुटलेल्या तांबड्या पेशी.* तांबड्या पेशींत मिर-४५१ए, मिर-१६, मिर-४८६, मिर-९२ए ठासून भरलेले असतात. सुई बारीक असली, सिरिंज जोराने ओढली किंवा नळी खसाखसा हलवली तर पेशी फुटतात आणि त्यांच्यातला माल प्लाझ्मात उतरतो. लॅबवाले म्हणतात, ‘सॅम्पल हिमोलाइज झालं.’ चांगला प्लाझ्मा गवती पिवळा दिसतो, बिघडलेला गुलाबी. पण थोडंसं हिमोलिसिस डोळ्यांना दिसत नाही आणि तेवढ्यानेही हे आकडे हलतात.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाच्या शरीरातच तांबड्या पेशी सतत फुटत असतात. कितीही काळजीने रक्त काढलं तरी त्याच्या प्लाझ्मात हे मायक्रोआरएनए जास्तच दिसणार. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्या माणसात सहसा असं होत नाही, पण त्याचीही नोंद असायला हवी. युरोप-अमेरिकेच्या प्रोटोकॉलमध्ये सिकलसेलचा रकाना नसला तरी नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियातल्या अभ्यासात तो नसेल तर ती मोठी उणीव समजावी. तुम्ही स्वतः सिकलसेलचे वाहक किंवा रुग्ण असाल तर विचारण्याची वाट न बघता सांगा.

*प्लेटलेट आणि गोळ्या.* प्लेटलेटमध्ये मिर-२२३, मिर-१२६, मिर-१९१ भरपूर असतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या प्लेटलेटना शांत करतात, त्यामुळे हे आकडे खाली येतात. स्टेंट बसवलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला यांतल्या दोन गोळ्या चालू असतात. म्हणजे आकडा हृदयाबद्दल बोलतोय की गोळीबद्दल, हे औषधांच्या यादीशिवाय कळणार नाही. पण तेवढ्यासाठी गोळ्या बंद करू नका. रक्ततपासणी चांगली यावी म्हणून स्टेंटनंतरची गोळी एक दिवसही चुकवणं जिवावर बेतू शकतं. गोळी घ्यायची आणि शेवटची कधी घेतली ते सांगायचं, एवढंच तुमचं काम.

*वेळ आणि ऊन.* ईडीटीएच्या नळीत रक्त नुसतं ठेवलं तरी पेशी हळूहळू आपला माल बाहेर सोडत राहतात. म्हणून दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा असा दंडक बहुतेक चांगल्या लॅब पाळतात. भंडाऱ्यात सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या गाडीने नागपूरला आलं तर तो दंडक मोडलाच. गोंदिया किंवा गडचिरोलीचं तर विचारायलाच नको. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढेही जातो आणि कलेक्शनवाल्याच्या दुचाकीच्या डिकीत नळ्या तासभर फिरतात. उलट टोकाची चूकही होते. नळी थेट बर्फावर ठेवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि थंडीने प्लेटलेटही चाळवतात. रक्ताला साधारण २० ते २५ अंशांचं तापमान लागतं. थंड ठेवायचा तो वेगळा केलेला प्लाझ्मा.

*स्नायू.* मिर-१ आणि मिर-१३३ए हातापायांच्या स्नायूंतूनही येतात, हे वर आलंच आहे. आदल्या दिवशी कंबरेत घेतलेलं इंजेक्शन, पडून लागलेला मुका मार, फुटाळा तलावाभोवती मारलेल्या जोरदार फेऱ्या किंवा शेतातलं जड काम यांनीही हे आकडे वर जाऊ शकतात.

रक्त देण्याआधी तुम्ही करायच्या गोष्टी

- सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या : नाव, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली. पोटावर किंवा इतरत्र त्वचेखाली घेतलेलं रक्त पातळ करणारं इंजेक्शन असेल तर त्याची वेळ आवर्जून लिहा.
- अँजिओग्राफी ठरली असेल तर संशोधनाचं रक्त हेपारिनच्या आधी, शक्यतो वॉर्डातच, घ्यायला सांगा.
- आदल्या दिवशी दमवणारी कामं आणि व्यायाम टाळा. डॉक्टरांनी सांगितलेलं नेहमीचं चालणं चालू द्या.
- उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तर ते पाळा. तर्रीपोहे खाऊन लगेच दिलेल्या रक्ताचा प्लाझ्मा दुधाळ होतो आणि हिमोलिसिसची तपासणीच चुकते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर किती वेळ उपाशी राहायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.
- काही महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं असेल तर तीच वेळ पाळा. पहिलं सकाळी आणि दुसरं संध्याकाळी, असं करू नका.
- सिकलसेल, मूत्रपिंडाचा आजार, अलीकडे चढवलेलं रक्त किंवा झालेला संसर्ग यांची माहिती द्या.

रक्त घेणाऱ्याला विचारायचे प्रश्न

घाबरू नका. ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो.

1. नळी कोणती? जांभळं टोपण म्हणजे ईडीटीए असेल तर बरं. निळं म्हणजे सायट्रेट हेही काही ठिकाणी वापरतात. हिरवं नको.
2. रक्त सरळ शिरेतून घेणार की लावलेल्या इंट्राकॅथमधून?
3. प्लाझ्मा किती वेळात वेगळा होईल, आणि इथेच की दुसऱ्या गावी जाऊन?
4. सॅम्पल हिमोलाइज झालं तर काय कराल? “परत बोलावू” किंवा “ते सॅम्पल बाद करू” ही दोन्ही चांगली उत्तरं. “काही होत नाही” हे वाईट उत्तर.

पैसे भरून करायला कुणी सुचवलं तर

पहिला प्रश्न एकच विचारा : या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलेल? त्याचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर ते पैसे ईको, लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी किंवा महिन्याच्या गोळ्यांना ठेवा.

लॅबच्या लेटरहेडवर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एनएबीएलची मान्यता सरसकट नसते, ती तपासणीवार असते. त्या लॅबच्या मान्यतेच्या यादीत हीच तपासणी आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. सॅम्पल नागपुरात तपासणार की मुंबई-दिल्लीला पाठवणार, तेही विचारा. पाठवणार असतील तर इथे प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून पाठवतात का, हा पुढचा प्रश्न.

रिपोर्ट हातात आला तर

मायक्रोआरएनएला साखर किंवा कोलेस्टेरॉलसारखी सर्वमान्य नॉर्मल पातळी नाही. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून काही कळत नाही.

रिपोर्टमध्ये ‘सीटी’ किंवा ‘सीक्यू’ असा शब्द असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा आकडा जितका कमी, तितका मायक्रोआरएनए जास्त. आणि एका अंकाचा फरक म्हणजे जवळपास दुप्पट-निम्म्याचा फरक. ३० आणि ३१ आकडे शेजारी दिसतात, पण प्रमाण दुप्पट बदललेलं असतं. ‘फोल्ड चेंज ३’ असं लिहिलं असेल तर विचारा, कशाच्या तिप्पट? तुलना कुणाशी केली, हिमोलिसिस तपासलं का आणि संदर्भ म्हणून काय धरलं, या तीन गोष्टी रिपोर्टवर नसतील तर त्या आकड्यावरून कोणतंही औषध सुरू किंवा बंद करू नका.

तुम्ही स्वतः लॅबमध्ये असाल किंवा थिसिस करत असाल तर

नागपूरला अशा कामाची जमीन नवी नाही. १९४७ पासूनचं ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स या ठिकाणी मध्य भारतातले हृदयरोगी येतात. बजाजनगरच्या सीआयआयएमएस (सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) या संस्थेच्या प्रयोगशाळेने पक्षाघात आणि क्षयाच्या मेंदूज्वरासाठी बायोमार्कर शोधण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. रुग्ण आहेत, हात आहेत. गडबड होते ती तपशिलात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

- रक्त काढताना : २१ किंवा २२ गेजची सुई घ्या. टूर्निकेट मिनिटभराच्या आत सोडा. पहिली नळी इतर तपासण्यांना वापरा आणि मायक्रोआरएनएची नंतर भरा, कारण टोचताना सुटलेल्या पेशी पहिल्या नळीत जातात. ईडीटीएची नळी हळुवार ८-१० वेळा उलटी-सुलटी करा, हलवू नका.
- प्लाझ्मा की सीरम, एकच ठरवा. रक्त गोठताना प्लेटलेट आपला मायक्रोआरएनए सोडतात. निम्मे पेशंट सीरमवर आणि निम्मे प्लाझ्मावर केले तर ते आकडे एकत्र करता येत नाहीत. शंका असेल तर प्लाझ्मा घ्या.
- आरपीएम लिहू नका, ‘जी’ लिहा. ४००० आरपीएमला १० सेंमी त्रिज्येच्या रोटरमध्ये साधारण १,७९० जी मिळतात, तर १५ सेंमीच्या रोटरमध्ये साधारण २,६८० जी. मेयोतला आणि एम्समधला सेंट्रिफ्यूज वेगळा असेल तर ‘४००० ला १० मिनिटं’ या सूचनेने दोन वेगळे प्लाझ्मा तयार होतील. सूत्र सोपं आहे : ०.००००१११८ गुणिले सेंमीतली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग.
- दोनदा फिरवा. पहिल्या फेरीनंतर नळीत वर पिवळा प्लाझ्मा, मध्ये पांढुरका पातळ थर आणि खाली लाल पेशी दिसतात. त्या पांढुरक्या थरातच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. पिपेटचं टोक वरून खाली नेत जा आणि थराच्या वर अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडा. “एवढा वाया कशाला घालवायचा” म्हणून तो ओढला की प्लेटलेट आल्याच. काढलेला प्लाझ्मा नव्या नळीत घेऊन जास्त वेगाने पुन्हा फिरवा आणि तळाचा भाग पुन्हा सोडून द्या.
- लहान नळ्यांत वाटून उणे ८० अंशांना ठेवा. वितळलेली नळी परत गोठवू नका. फ्रीझरच्या तापमानाची रोजची नोंद ठेवा. उन्हाळ्यात वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला, तर ती तारीख आणि वेळ वहीत असली पाहिजे.
- प्रत्येक सॅम्पलचं हिमोलिसिस मोजा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१४ नॅनोमीटरला शोषण ०.२ च्या वर गेलं की सावध व्हा. पीसीआरमध्ये मिर-२३ए-३पी च्या सीक्यूतून मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा. फरक ७ च्या पुढे असेल तर ते सॅम्पल धोक्याचं, ५ ते ७ मध्ये असेल तर संशयास्पद. किती सॅम्पल कोणत्या कारणाने बाद केले ते थिसिसमध्ये लिहा. बाद करण्याची मर्यादा निकाल बघायच्या आधी ठरवा.
- बाहेरचा संदर्भ : कृमीचा सेल-मिर-३९ हा कृत्रिम तुकडा ठरावीक प्रमाणात मिसळतात. तो थेट प्लाझ्मात टाकू नका, तिथली एन्झाइमं त्याला लगेच तोडतात. प्लाझ्मात लायसिस बफर मिसळल्यानंतरच टाका. तो आकडा एखाद्या सॅम्पलमध्ये पडलेला दिसला तर आधी हेपारिनचा संशय घ्या. हेपारिन टाळताच आलं नसेल तर हेपारिनेझची प्रक्रिया सगळ्याच सॅम्पलवर करा, निवडक नव्हे.
- आतला संदर्भ : पेशींच्या कामात चालणारा यू६ प्लाझ्मात भरवशाचा नाही. मिर-१६ तांबड्या पेशींतून येतो, त्यामुळे तो हिमोलिसिसबरोबर हलतो. सुरुवातीच्या काही सॅम्पलवर अनेक उमेदवार तपासून त्यांतले दोन-तीन स्थिर निवडा आणि त्यांची सरासरी धरा.
- प्लेट भरताना पेशंट आणि तुलनेचे लोक मिसळून ठेवा. सोमवारी सगळे पेशंट आणि मंगळवारी सगळे निरोगी असं केलंत तर तुम्ही सोमवार-मंगळवारचा फरक मोजाल. सॅम्पल कुणाचं आहे हे पीसीआर करणाऱ्याला माहीत नसावं. प्रत्येक सॅम्पल तीन वेळा लावा आणि आरएनए नसलेली कोरी नळी प्रत्येक प्लेटवर ठेवा.
- तुलनेला कोण? वसतिगृहातले पंचविशीतले विद्यार्थी सहज मिळतात, पण ६० वर्षांच्या मधुमेही पेशंटशी त्यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. छातीत दुखतंय म्हणून आले पण अटॅक निघाला नाही, तीच माणसं तुलनेला हवीत. डॉक्टरला दारात ओळखायचा असतो तो याच दोघांतला फरक.
- निकाल मांडताना ट्रोपोनिनच्या शेजारी मांडा. मायक्रोआरएनए मिळवल्याने निदान किती सुधारलं, हाच प्रश्न आहे. शेकडो मायक्रोआरएनए एकदम मोजले तर काही निव्वळ योगायोगाने ‘सिग्निफिकंट’ येणारच. त्याची सांख्यिकी दुरुस्ती करा आणि निवडलेले दोन-चार नव्या पेशंटवर पुन्हा तपासा. पीसीआरचा कोणता तपशील छापायचा याची ‘एमआयक्यूई’ ही मार्गदर्शक यादी २००९ मध्ये आली, २०२५ मध्ये ती सुधारली गेली. काम संपल्यावर नव्हे, सुरू करण्याआधी ती वाचा.

गाइडने “एवढं कुठे बघतात” म्हटलं तरी हिमोलिसिसची वही ठेवाच. परीक्षक तीच मागतील.

संशोधनाला रक्त देताना तुमचे हक्क

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची नीतितत्त्वं देशातल्या अशा सगळ्या संशोधनाला लागू आहेत. त्यांतलं तुमच्या कामाचं एवढं :

- माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. मराठी, हिंदी, आणि गडचिरोलीच्या पेशंटला गोंडी किंवा माडिया येत असेल तर त्या भाषेत तोंडी समजावून. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. माहितीपत्रकाची एक प्रत तुमच्याकडे राहते.
- नाही म्हणण्याचा हक्क पूर्ण आहे. नकार दिला म्हणून खाट, अँजिओग्राफीचा नंबर किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतला उपचार यांवर परिणाम होता कामा नये.
- आज हो म्हणून उद्या माघार घेता येते, कारण न देता.
- केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. संशोधनासाठी वेगळं यावं लागलं तर प्रवासखर्चाबद्दल विचारायला संकोच करू नका. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे.
- उरलेलं रक्त किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, परदेशी पाठवणार का, यासाठी वेगळी संमती असते. संमतीपत्रातल्या त्या चौकटींवर बहुतेक लोक न वाचताच खूण करतात. प्रत्येकीला वेगळं हो किंवा नाही म्हणता येतं.
- तुमचं नाव नळीवर नसावं, सांकेतिक क्रमांक असावा.

अटॅकच्या कळा चालू असताना कुणी संशोधनाची सही मागितली तर नातेवाइकांनी स्पष्ट सांगावं, “आधी उपचार करा, कागद नंतर बघू.” जो पेशंट शुद्धीवर आहे आणि समजू शकतो, त्याच्या वतीने मुलाने परस्पर सही करणंही बरोबर नाही. बाबांनाच विचारा.

अभ्यास खरा आहे का, हे तपासता येतं. माहितीपत्रकावर संस्थेच्या नीती समितीच्या मंजुरीचा उल्लेख आणि सदस्य सचिवांचा फोन असतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत बरेच अभ्यास नोंदवलेले असतात आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. प्रत्येक निरीक्षणात्मक अभ्यास तिथे सापडेलच असं नाही, पण नीती समितीची मंजुरी मात्र प्रत्येकाला लागते.

तुमचा वैयक्तिक आकडा बहुधा तुम्हाला कळवला जाणार नाही आणि ते योग्यच आहे, कारण त्यावरून उपचार ठरवता येत नाही. रक्त तपासताना उपचार लागेल असं काही सापडलं, उदाहरणार्थ आधी माहीत नसलेला सिकलसेल, तर ते कळवणार का, हे मात्र सहीआधी विचारून घ्या.

तक्रार असेल तर आधी प्रमुख संशोधकाशी बोला, मग नीती समितीच्या सदस्य सचिवांकडे आणि त्यानंतर अधिष्ठात्यांकडे किंवा संस्थाप्रमुखांकडे लेखी अर्ज करा. माघार घ्यायची असेल तर त्याच अर्जात उरलेलं सॅम्पल नष्ट करायला सांगा, त्यावर सांकेतिक क्रमांक लिहा आणि पोच घ्या.